जबाबदारी खांद्यावर

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या कातड्याला हळद आणि तूप चोळायचं (तुपाचा भाव बघता हल्ली तेल) आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गावात आता ट्रॅक्टर जास्त आणि बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या, पण काकांची जोडी अजून आहे. त्या दिवशी काका बैलाचा खांदा चोळत होते आणि मी, घरातला शिकलेला पुतण्या म्हणून, गोठ्याच्या खांबाला टेकून मोबाइल वाचत होतो.

"काय वाचून राह्यला एवढं?"

"काका, अमेरिकेत पुरुषांसाठी एक मलम निघालंय. जेल म्हणतात. रोज दोन्ही खांद्यांना चोळायचं. पोरं होत नाहीत."

काकांचा हात थांबला. बैलानेही मान वळवली.

"खांद्याले?"

"खांद्याला."

"काहून? तिकडं पोट्टे खांद्यातून होतेत काय?"

मी हसलो. काका हसले नाहीत. तेलाचा हात धोतराला पुसत ते म्हणाले, "हे पाय बापा. या बैलाच्या खांद्याले आमी तूप लावतो. पन त्याचं जे कराचं ते तो गोऱ्हा होता तवाच करून ठेवलं. खांद्यावर भागलं असतं तं जनावराचा डॉक्टर कायले बलावला असता?"

शास्त्राला इतका सरळ प्रश्न माझ्यासमोर कुणी विचारला नव्हता. मी बी.एस्सी. आहे, बी.एड. आहे, आठवीला प्रजननाचा धडा सतरा वर्षं शिकवला आहे (म्हणजे "घरी वाचून या" असं सतरा वर्षं सांगितलं आहे). काकांना उत्तर देणं भाग होतं.

उत्तर सापडलं ते आमच्या जिल्ह्याच्या नकाशात. बुलढाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगराने कापलेला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे आम्ही घाटाखालचे. कचेरी घाटावर, कापसाचा बाजार घाटाखाली. पुरुषाचा देह घडवताना देवाने हाच नकाशा पुढ्यात घेतला असावा. साहेब वर, मेंदूच्या बुडाशी, पियूष ग्रंथी नावाच्या वाटाण्याएवढ्या कचेरीत बसतो आणि कारखाना खाली. साहेब दोन कागद खाली धाडत असतो. समजा, एक राजूर घाटाने आणि एक बोथा घाटाने. एका कागदाचं नाव एलएच, दुसऱ्याचं एफएसएच. पहिला पोचला की खाली टेस्टोस्टेरॉन तयार होतं, दुसरा पोचला की शुक्रजंतूंचं काम नेटाने चालतं. आता बाहेरून, खांद्याच्या वाटेने का होईना, टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जोडीला बायकांच्या गोळीत असतं तसलं प्रोजेस्टिन रक्तात सोडलं की साहेबाची समजूत होते, गोदाम भरलेलं आहे. तो दोन्ही कागद थांबवतो. खाली जिनिंग बंद. दाढी, मिशी, आवाज आणि इतर कारभार बाहेरून आलेल्या मालावर चालू राहतो.

"म्हंजे वरच्या साहेबाले कागदावर गोदाम भरेल दाखवाचं," काका म्हणाले. "मंग हे अमेरिकेले आत्ता सुचलं काय?"

सुचलं लवकर, जमायला वेळ लागतोय. कारण बाईच्या बाजूने महिन्याला एक बीज सुटतं आणि पुरुषाच्या बाजूने सेकंदाला हजाराच्या वर. महिन्यातून एकदा सुटणारी एसटी अडवणं वेगळं आणि हंगामात बाजार समितीच्या फाटकावर लागलेली कापसाच्या गाड्यांची रांग अडवणं वेगळं. शिवाय एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, मुगाचं पीक निघतं तेवढे. म्हणजे साहेबाने आज हुकूम थांबवला तरी रस्त्याला लागलेला माल येतच राहणार. तेवढे दिवस धीर धरायचा.

या जेलची माहिती काकांना पटेल अशी देणं सोपं नव्हतं. रोज ५ मिलिलिटर, त्यात टेस्टोस्टेरॉन आणि सेजेस्टेरॉन नावाचं ते प्रोजेस्टिन, खांद्याच्या पाठीमागच्या फऱ्यांवर चोळायचं. २०२४ च्या जूनमध्ये बोस्टनला संशोधकांनी आकडे मांडले. २२२ पुरुषांपैकी ८६ टक्क्यांचे शुक्रजंतू पंधराव्या आठवड्यापर्यंत मिलिलिटरमागे दहा लाखांवर किंवा त्याच्याही खाली आले.

"दहा लाख उरले तरी चालते?"

"चालतं. दहा लाखांची फौज असली तरी किल्ला बहुधा पडत नाही."

काकांनी बैलाकडे पाहिलं. बैलाला सगळं आधीच माहीत असल्यासारखं वाटलं.

आता हे जेल आमच्या घाटाखाली येईल तेव्हाची अडचण बघा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो. माणसं उघड्या अंगाने गच्चीवर झोपतात, घाम पाठीवरून ओघळतो, दिवसातून दोनदा अंघोळ होते. त्यात हे जेल लावलं की वाळू द्यायचं, वरून कपडा घालायचा आणि मुख्य म्हणजे बायकोच्या अंगाला लागू द्यायचं नाही, कारण त्यातलं टेस्टोस्टेरॉन तिच्या कातडीतून आत गेलं तर तिला नको तिथे लव फुटू शकते. नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवणं हे मराठी सिनेमात प्रेमाचं शेवटचं टोक असतं. इथे नेमकी तीच जागा औषधाने अडवलेली. संततिनियमनाचा याहून खात्रीचा उपाय मला तरी सुचत नाही.

दुसरी गंमत अंतराची. स्वतःच्या उजव्या फऱ्यावर डाव्या हाताने नीट चोळून दाखवा. चाळिशीनंतर हात तिथवर पोचत नाही. म्हणजे चोळायला माणूस लागणार. कोण, ते सांगायला नको.

मी संध्याकाळी घरी हिला ही सगळी माहिती दिली. जरा मोठेपणानेच दिली, जणू जेल मीच शोधून काढलं आहे. ती भाकरी थापत होती. तिने दोनच प्रश्न विचारले.

"रोज लावायचं का?"

"रोज. चुकवून चालत नाही."

"तुमची बीपीची गोळी रोज कोण आठवून देते?"

मी विषय बदलला.

पण विषय बदलत नाही, कारण तो पन्नास वर्षं तिथेच उभा आहे. आमच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. धान्यं, पापड, कुरडई, विड्याचं पान, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊस, पिकं आणि राजाची गादी यांचं भाकीत सांगतात. खरं-खोटं हा वाद बाजूला ठेवू. भेंडवळचा घट निदान दरवर्षी नवं काही सांगतो. पुरुषांच्या गोळीचं भाकीत सत्तरच्या दशकापासून एकच आहे: दहा वर्षांत येईल. ते ऐकत तरुण झालेली माणसं आता आजोबा झाली, तरी दहा वर्षं काही संपली नाहीत.

प्रयोग मात्र प्रामाणिकपणे झाले. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने २७१ पुरुषांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनची सुई, ज्यांचे शुक्रजंतू पार नाहीसे झाले त्यांच्यापुरता उपाय भलताच चांगला. पण दर आठवड्याला सुई घ्यायला उभा राहणारा नवरा आणायचा कुठून? मग सुया लांबवल्या. दोन संप्रेरकं एकत्र करून दर आठ आठवड्यांनी टोचण्याचा ३२० पुरुषांवरचा प्रयोग झाला. २०११ मध्ये तो मध्येच थांबवला आणि २०१६ मध्ये त्याचे निकाल छापून आले. पुरुषांना मुरुमं आली होती, मूड बिघडत होता, काहींना फार उदास वाटत होतं, कुणाची वासना भलतीच वाढली होती.

ही बातमी आली तेव्हा जगभरच्या बायका हसल्या. तोंडावर चार मुरुमं आली आणि पुरुष पळाले! आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही मॅडम लोकांनी आम्हांला दिवसभर सोडलं नाही. हसण्याला आधारही होता. बायकांच्या गोळीची मोठी चाचणी १९५६ ला पोर्तो रिकोत झाली. तिथे १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हे प्रमाण फार आहे असं लेखी कळवलं. तरी १९६० ला अमेरिकेत गोळी बाजारात आली. बाईची मळमळ बाईची असते, ती सोसायला असते. पुरुषाचं मुरुम म्हणजे मात्र शास्त्रापुढचा प्रश्न.

मीही हा विनोद दोन-तीन लग्नांच्या पंगतीत सांगितला. पुढे नीट वाचलं तेव्हा कळलं की तो पुरता खरा नाही. प्रयोग पुरुषांनी थांबवला नव्हता, त्यावर देखरेख करणाऱ्या समितीने थांबवला होता. प्रयोगातल्या चारपैकी तीन पुरुषांनी, मुरुमांसकट, हे पुढे चालू ठेवायची तयारी दाखवली होती. जगात असे पुरुष आहेत याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं. त्यांतला एखादा घाटाखाली बदलून यावा.

आता एक गोष्ट आमच्या रानातली. आपला जिल्हा कापसाचा. खामगावचा कापूस न्यायला इंग्रजांनी १८७० साली जलंबपासून खास फाटा टाकला, एवढं त्याचं मोल. कापसातून रुई काढली की सरकी उरते, सरकीचं तेल निघतं, ढेप जनावराला जाते. तर चीनमध्ये १९५० च्या सुमारास काही खेड्यांत चमत्कार झाला. लग्नं होत होती, पाळणे हलत नव्हते. शोध घेता घेता गाडी स्वयंपाकघरात पोचली. तिथले लोक कच्च्या, न शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलात स्वयंपाक करत होते. सरकीत गॉसिपॉल नावाचं एक द्रव्य असतं, ते शुक्रजंतूंचं उत्पादनच बंद पाडतं. झालं, पुरुषांची गोळी सापडली! सत्तरच्या दशकात चीनने ती ८,००० हून जास्त पुरुषांना दिली. संप्रेरकाची भानगड नाही, साहेबाला फसवणं नाही, थेट कारखान्यालाच कुलूप. पण रक्तातलं पोटॅशियम घसरून माणसं गळून जायला लागली आणि काहींचं कुलूप पुढे उघडेचना. १९८६ च्या सुमारास तो नाद सोडला गेला.

हे मी टपरीवर सांगितलं आणि पस्तावलो. एकाने घरी जाऊन तेलाचा डबा बदलला. त्याला, आणि तुम्हांलाही, सांगतो: दुकानात मिळणाऱ्या रिफाइंड तेलातून गॉसिपॉल काढून टाकलेलं असतं. भजी खा. आणि घरी प्रयोग करू नका.

खरं तर पुरुषांना या कामात ओढायची सुरुवात आपल्या महाराष्ट्राने फार आधी केली होती. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, लंडनला मेरी स्टोप्सबाईंचा दवाखाना निघाला त्याच साली. त्यापायी प्रोफेसरकी गेली, कोर्टात खटले झाले, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक मरेपर्यंत चालवलं. १९३५ च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर अमेरिकेहून वर्ध्याला गांधीजींना भेटायला आल्या. मुंबईहून वर्ध्याला जाणारी गाडी मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा आमचाच रस्ता धरते. बाईंनी खिडकीतून आमची कपाशीची रानं पाहिली असतील आणि सरकीत काय दडलंय हे तेव्हा ना त्यांना ठाऊक होतं, ना आम्हांला. गांधीजींनी साधनांना नकार दिला आणि संयम सांगितला. संयमाला खर्च नाही, दुष्परिणाम नाहीत, फक्त तो टिकत नाही.

साठच्या दशकात तर मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची सोय केली होती. लोकलची वाट बघता बघता मोकळं व्हायचं. एर्नाकुलमच्या १९७१ च्या एका महिन्याच्या शिबिरात साठ हजारांहून जास्त पुरुषांनी नसबंदी करून घेतली. म्हणजे पुरुष येत होते. स्वतःच्या पायाने येत होते, हे आज कुणाला खरं वाटत नाही.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्यांतल्या चारपैकी तीन पुरुषांच्या. किती स्वखुशीने आणि किती पोलिसाच्या भीतीने, ते त्या वेळच्या माणसांना विचारा. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदीची सक्ती करणारं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. मास्तरांना नसबंदीला माणसं आणायचा कोटा होता. माझे वडील मास्तर होते. 'केस' हा शब्द आमच्या घरात तेव्हा शिरला. आज दोन केसेस मिळाल्या, उद्या एक मिळेल, पगार तेव्हा निघेल. वडिलांचं डोकं त्या वर्षात अर्धं पांढरं झालं असं आई सांगे. केसेससाठी केस गेले.

तेव्हा पळालेला पुरुष अजून परत आलेला नाही. तो उसात लपला होता म्हणतात, उसाची तोडणी पन्नासदा झाली तरी हा बाहेर येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ऑपरेशन झालेल्या विवाहित बायका सुमारे ४९ टक्के, आणि पुरुष अर्ध्या टक्क्याच्याही आत. सरकार पुरुषाला जास्त पैसे देतं. बाईला २५० किंवा दारिद्र्यरेषेखाली असेल तर ६००, आणि पुरुषाला ११०० च्या वर. कापूस उत्पादकाने स्वप्नात पाहावा असा हमीभाव. पण आवक शून्य.

का नाही, ते टपरीवर विचारलं. एक म्हणाला, ओझं उचलता येत नाही. हा गृहस्थ विम्याचा एजंट आहे. त्याने उचललेलं सगळ्यात जड ओझं म्हणजे पॉलिसीची फाइल. दुसरा म्हणाला, कमजोरी येते. तिसऱ्याने सांगितलं की मागे शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवडकडे लोकांचे केस अचानक गळायला लागले होते, तसं काही झालं तर? आता ती केसगळती २०२५ च्या जानेवारीतली, आयसीएमआरचं पथक येऊन गेलं, रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर बोट ठेवलं गेलं. ज्यांच्यावर ती आली ती माणसं बिचारी कावरीबावरी झाली होती. तिचा नसबंदीशी संबंध तो काय? तर एवढाच की आरोग्य खात्याचा माणूस गावात 'केस' म्हणाला, की आमचा पुरुष आधी डोक्याला हात लावून बघतो.

चौथा गप्प होता. उठताना म्हणाला, "गुरुजी, तुमी केली काय?"

मी केली नाही. ते सांगायचं राहून जाऊ नये म्हणून सांगतो. धाकटी दोन वर्षांची झाली तेव्हा नर्सबाई घरी आल्या होत्या. त्यांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं की पुरुषाचं सोपं असतं. आतून आई म्हणाली, "तो कमावता मानूस, त्याच्या आंगाले कायले हात लावता?" मी काहीच बोललो नाही. आई बोलत असताना मध्ये बोलू नये, हे संस्कार त्या दिवशी फार कामाला आले. ही माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात सुट्ट्या मोजत होतो.

हिवाळ्यातला कॅम्प होता. पहाटे हिला उपाशीपोटी नेलं. बायका रांगेत, प्रत्येकीच्या हातात कागद, अंगावर शाल. बाहेर लिंबाच्या झाडाखाली आम्ही नवरे. माझ्याकडे थर्मास होता. घरून निघताना तो मीच मागून घेतला, काहीतरी जबाबदारी आपल्याकडे असावी म्हणून. लाल रंगाचा, झाकण जरा ढिलं. आत बायकोच्या पोटाला टाके पडत होते आणि बाहेर मी चहा गरम राहतोय की नाही ते दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघत होतो, त्यामुळे तो थंड झाला. शेजारच्या नवऱ्याने शेगावच्या कचोऱ्या आणल्या होत्या. आम्ही खाल्ल्या. दुपारी ती बाहेर आली तेव्हा चालताना वाकली होती. मी पुढे होऊन म्हणालो, "चहा घेते का?"

नंतर आठ दिवस तिला वाकता येत नव्हतं, खाली बसता येत नव्हतं. मी दोन दिवसांची रजा टाकली होती. शाळेत सगळ्यांना सांगत होतो, "आमचं ऑपरेशन झालं." आमचं!

हे सगळं मला पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात आठवलं. पुरुषाच्या अंगावर यायला हवं ते शास्त्र निदान खांद्यापर्यंत आलं, हे कमी नाही. आपल्याकडे आयआयटी खरगपूरच्या सुजॉय गुहांनी सत्तरच्या दशकाअखेरीपासून एक उपाय धरून ठेवला आहे. त्याला रिसग म्हणतात. संप्रेरक नाही, शुक्रजंतूंच्या नळीत एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं काम. ३०३ पुरुषांवरच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले आणि चांगले आले. तरी औषधाच्या दुकानात तुम्ही मागायला गेलात तर दुकानदार इसबगोल काढून देईल. जेलही येईल. गोळ्याही तपासल्या जात आहेत. माझं भाकीत विचाराल तर, दहा वर्षं.

आली तरी आमच्या घरातलं चित्र मला दिसतं. देवघराच्या फळीवर जेलची बाटली. सकाळी साडेसातची घाई. "लावलं का?" आतून आवाज. "लावतो." "लावलं का विचारतेय." "अगं, लावतो म्हटलं ना." आणि महिन्याच्या शेवटी बाटली संपत आलीय हे तिच्याच लक्षात येणार, मेडिकलमधून तीच आणणार, वर हातमोजे घालून माझ्या पाठीला तीच चोळणार. खांदा माझा, जबाबदारी तिची. त्यापेक्षा एकदाच होणारी गोष्ट आमच्यासारख्या विसरभोळ्या जातीला बरी, असं माझं मत हळूहळू होत गेलं. मत झालं तेव्हा आमच्या घरची केस बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

काकांना मी विचारलं, "काका, तुमच्या वेळी तुम्ही...?"

काकांनी बैलाच्या खांद्यावर शेवटचा हात फिरवला. "शहात्तरले," ते म्हणाले. "तुया बापाले एक केस कमी पडत होती. पगार अटकला होता त्याचा." थोडं थांबून म्हणाले, "त्याच्यानंतर चाळीस वर्सं पोते उचलले. खामगावच्या बाजारात विचार कोनाले."

हे मला पन्नास वर्षांत घरात कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या आशाताई दरवर्षी नोव्हेंबरात शाळेत येतात. वही उघडतात, पुरुषांचं पान काढतात आणि "गुरुजी, एखादी केस बघा ना," म्हणतात. पान कोरं असतं. या वर्षी त्यांना मी शब्द दिला आहे, म्हणून हा लेख. पुरुष नसबंदीचा पंधरवडा २१ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ४ डिसेंबरला संपतो. बिनटाक्याची असते, चीर घालत नाहीत, पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्याच दिवशी घरी. दोन दिवस आराम, आठवडाभर जड काम नको, सायकल नको, लंगोट आवळून बांधा. तीन महिने निरोध वापरा आणि मग तपासणी करून घ्या, मुगाच्या पिकाचा हिशेब वर सांगितलाच आहे. सोबत घरचं माणूस न्या. थर्मास या वेळी तिच्या हातात द्या, आणि झाकण घट्ट लावलंय का ते निघतानाच बघून घ्या.